झिओलाइटच्या पिंजऱ्यात अँथ्रासीनचे प्रकाशाने आयनीभवन कसे घडवावे

या प्रयोगात झिओलाइटच्या, म्हणजे रेणूंच्या मापाच्या पोकळ्या असलेल्या सच्छिद्र खनिजाच्या, पुडीत अँथ्रासीन हा सेंद्रिय पदार्थ भरतात आणि लेसरच्या प्रकाशाने त्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन काढतात. जळगाव जिल्ह्यातील सावद्याच्या परिसरातील बेसाल्टच्या खाणींत मिळणारा स्टिल्बाइट हाही झिओलाइटच असल्यामुळे, तो कुटून त्यात स्टिल्बीन हा दुसरा सेंद्रिय पदार्थ भरता येईल का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. दोन्ही नावे चमकण्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली आहेत, एवढेच त्यांचे नाते; खनिजाच्या वाटा जेमतेम ५ अँगस्ट्रॉमच्या (१ अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) असून त्या कॅल्शियमने आणि पाण्याने अडलेल्या असतात. म्हणून सोडियम-वाय हा कृत्रिम झिओलाइट घ्यावा. त्याची खिडकी ७.४ अँगस्ट्रॉमची आणि आतला पिंजरा सुमारे १३ अँगस्ट्रॉमचा असल्यामुळे अँथ्रासीन आत शिरू शकते.

सर्वाधिक वेळ सुकवण्याला द्यावा. जळगावात जुलै महिन्यात मी पहिला नमुना उघड्यावर वजन करायला ठेवला, तेव्हा तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत चढत गेला आणि तराजू बिघडला अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात पूड हवेतले पाणी ओढून घेत होती, आणि सोडियम-वाय स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव भागाइतके पाणी धरू शकतो. त्यामुळे पूड कोरड्या हवेच्या प्रवाहात मिनिटाला १ ते २ अंश या गतीने ४५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी, रात्रभर तशीच ठेवावी आणि नंतर व्हॅक्यूममध्ये थंड करावी. घाईने तापवल्यास आतली वाफ जाळीदार रचनेलाच इजा करते.

पुढची सर्व हाताळणी कोरड्या आरगॉनमध्ये, अंधारात करावी. १ ग्रॅम सुक्या पुडीत १४ मिलिग्रॅम अँथ्रासीन घातल्यास दर आठ पिंजऱ्यांमागे एक रेणू पडतो. याहून जास्त भरल्यास एकाच पिंजऱ्यात दोन रेणू येऊन प्रकाशात त्यांची जोडी जुळण्याचा धोका वाढतो. सीलबंद नळी १०० अंशांच्या आसपास रात्रभर ठेवावी. अतिनील दिव्याखाली निळे ठिपके वेगळे चमकले, तर स्फटिक अजून बाहेरच आहेत असे समजावे.

लेसर लावण्याआधी अंधारात ठेवलेल्या नमुन्याचा वर्णपट, म्हणजे तो कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो याची नोंद, घ्यावा. आम्लधर्मी झिओलाइटमध्ये अँथ्रासीन प्रकाशाशिवायही इलेक्ट्रॉन गमावते, आणि ही नोंद नसेल तर श्रेय प्रकाशाला देता येत नाही. पूड अपारदर्शक असल्यामुळे मोजमाप विसरित परावर्तनानेच, म्हणजे पुडीवरून सर्व दिशांना पसरून परतणाऱ्या प्रकाशावरूनच, करावे लागते, आणि लेसरचा २६६ नॅनोमीटरचा अतिनील किरण साध्या काचेतून जात नसल्याने क्वार्ट्झचीच कुपी वापरावी. तो किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्या तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा लावल्याशिवाय लेसर सुरू करू नये.

या किरणातल्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा ४.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर मोकळ्या अँथ्रासीनची आयनीभवन ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, ७.४४; म्हणून एकाने भागत नाही, दोन लागतात. वर्णपटात ७२० नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा रॅडिकल कॅटायनचा, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अँथ्रासीनचा, असतो, आणि सुटलेला इलेक्ट्रॉन चार सोडियम आयनांच्या गटात अडकला तर ५५० च्या आसपास शोषण दिसते. ४२० च्या आसपास दिसणारी ट्रिप्लेट, म्हणजे इलेक्ट्रॉन न गमावलेल्या अँथ्रासीनची उत्तेजित अवस्था, नमुन्यात ऑक्सिजन सोडताच लवकर मावळते, पण कॅटायनचा पट्टा टिकून राहतो, त्यावरून दोहोंची ओळख पटते.

शेवटी लेसरची ऊर्जा बदलत कॅटायनच्या पट्ट्याच्या उंचीचा, म्हणजे संकेताचा, त्या ऊर्जेसमोरचा आलेख दोन्ही अक्षांवर लॉगरिदममध्ये काढावा. उतार २ च्या जवळ आला, तर दोन फोटॉनांचा मार्ग धरावा. मात्र जास्त ऊर्जेला संकेत संपृक्त होऊन उतार खोटाच कमी दिसतो, म्हणून कमी ऊर्जेचे बिंदू भरपूर घ्यावेत.