चार रात्रींत वेस्टाची कक्षा कशी मोजायची

लघुग्रह दिसतो अगदी ताऱ्यासारखा. ओळखू येतो तो चालीवरून. 29 मार्च 1807 रोजी ब्रेमेनमध्ये हाइनरिश ओल्बर्स यांनी कन्या राशीत वेस्टा हा लघुग्रह शोधला, तोही तारकानकाशात नसलेला ठिपका म्हणून. तीच चाल नीट मोजली, तर वेस्टा सूर्यापासून किती लांब आहे हे घरच्या गच्चीवरूनही काढता येतं.

मोजायचं फक्त प्रतियुतीच्या आसपास, म्हणजे सूर्य आणि वेस्टा यांच्या मध्ये पृथ्वी येते तेव्हा. सरासरी 504 दिवसांनी ही वेळ येते. 2025 मध्ये 2 मे रोजी आली होती. तेव्हा वेस्टाची दृश्यप्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) साधारण 5.3 ते 6.5 असते, त्यामुळे 10×50 द्विनेत्रीतून तो सहज दिसतो. स्टेलेरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा पाहण्याआधी लघुग्रहांची कक्षामाहिती अद्ययावत करून घ्या. जुन्या माहितीवर ठिपका भलतीकडेच दाखवला जातो आणि मग आपण शेजारच्या ताऱ्यालाच वेस्टा समजून बसतो.

कॅमेऱ्याला 50 मिमी लेन्स लावा आणि तो तिपाईवर घट्ट बसवा. आयएसओ 1600, छिद्र एफ/2, उघडझाप 4 सेकंद. याहून जास्त वेळ ठेवला तर तारे रेघोट्यांसारखे ओढले जातात. पहिल्या रात्री एक आणि चौथ्या दिवशी एक, असे फोटो पुरतात, पण मधल्या रात्रींचेही काढा: ढगांचा भरवसा नाही. प्रत्येक फोटोची वेळ मिनिटापर्यंत लिहून ठेवा. फोटो ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट या संकेतस्थळावर चढवला की कुठल्याही ठिपक्याचे विषुवांश आणि क्रांती मिळतात, म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांशच.

सगळ्यात जास्त चुका पुढच्या पायरीत होतात. विषुवांशातला फरक तासांत असेल तर त्याला 15 ने गुणून अंश करा, मग क्रांतीच्या कोज्येने (कोसाइनने) गुणा. क्रांती 20 अंश असताना हा दुसरा गुणाकार विसरलात तर त्या दिशेचं सरकणं 6 टक्क्यांनी जास्त येतं. हा फरक आणि क्रांतीतला फरक, दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्या. उत्तराला 60 ने गुणलं की कला मिळतात (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्याला मधल्या दिवसांनी भागा. फोटोंच्या वेळांत दीड तासाचा फरक असेल तर तो 0.06 दिवस, तोही धरा.

आता सूत्र. कक्षा वर्तुळाकार मानली, तर प्रतियुतीच्या वेळी रोजची चाल = 59.14 ÷ (अ + √अ) कला. इथे अ म्हणजे खगोलीय एककांतलं (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) सूर्यापासूनचं अंतर आणि 59.14 कला ही पृथ्वीची रोजची सरासरी चाल. समजा 3 दिवसांत 45.75 कला सरकण मिळाली, म्हणजे रोज 15.25. 59.14 ला याने भागलं की येतात 3.88. त्याची चौपट अधिक 1, त्याचं वर्गमूळ, उणे 1, भागिले 2: हे झालं √अ, म्हणजे 1.53. वर्ग केला की अ = 2.35. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने 1.53 चा घन म्हणजे सूर्याभोवतीच्या एका फेरीची वर्षं: 3.6. खरी मूल्यं 2.36 आणि 3.63 आहेत. दोन फोटोंतून इतक्या जवळ पोचता येतं, हे मला या प्रयोगातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

फरक राहतो, कारण कक्षा पूर्ण वर्तुळ नाही. उत्केंद्रता (कक्षा वर्तुळापेक्षा किती लांबट आहे याचं माप) 0.09 असल्याने वेस्टा सूर्यापासून 2.15 ते 2.57 एककांत फिरतो, शिवाय त्याच्या कक्षेची पातळी पृथ्वीच्या कक्षेशी 7.1 अंशांनी कललेली आहे. उपसूर्य बिंदूजवळ, म्हणजे वेस्टा सूर्याच्या सर्वांत जवळ असताना, मोजलं तर अ 2.4 च्या पुढेही येतो. प्रतियुतीपासून आठवड्याहून लांब मात्र मोजू नका. चाल मंदावत जाते आणि सुमारे दीड महिन्याने वेस्टा थांबल्यासारखा दिसतो. तिथे हे सूत्र चालत नाही.

उत्केंद्रता आणि कल इतक्या थोड्या निरीक्षणांतून या सोप्या सूत्राने निघत नाहीत. 1801 मध्ये खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झी यांच्या 41 दिवसांच्या नोंदींवरून, त्यांनीच शोधलेल्या सेरेसची कक्षा बांधायला गणितज्ञ गाउस यांना नवी गणिती पद्धतच उभारावी लागली होती.

उत्तर 2.5 च्या पलीकडे गेलं, तर गणित पुन्हा तपासा. सूर्यापासून सरासरी 2.5 एककांच्या आसपास लघुग्रहांच्या पट्ट्यात फट आहे, तिथे लघुग्रह जवळजवळ नाहीतच, कारण तिथली तीन फेऱ्यांची वेळ गुरूच्या एका फेरीइतकी भरते आणि त्याच्या ओढीने कक्षा बिघडतात. सरासरी अंतराने वेस्टा या फटीच्या अलीकडचा आहे.