डोकेदुखी, जबडा आणि चक्कर: या चुका टाळा

पेशंट खुर्चीवर टेकायच्या आधीच निदान सांगून मोकळा होतो. "डॉक्टर, सायनस आहे." "मणक्याची चक्कर आहे." "अक्कलदाढ काढून टाकू का?" तालुक्याच्या गावात २६ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय, शेजारच्या खोलीत बायकोचा दातांचा दवाखाना. डोकं, कान आणि जबडा या वीतभर जागेत लोक काय काय गफलती करतात, आणि आमच्यातलेही काही करतात, ते आम्हाला दोन्ही दारांतून दिसतं. जिथं दुखतं तिथंच बिघाड, असं धरून चालायचं आणि दोन दिवसांत मोकळं व्हायला बघायचं. बहुतेक गफलती इथूनच सुरू होतात.

चांगली दाढ काढून घेणे

हायस्कूलमधल्या एक बाई होत्या. पेपर तपासणीच्या दिवसांत डावी खालची दाढ ठणकायला लागली, कानात दडे बसले, कळ कानशिलापर्यंत. दुसरीकडे त्या दाढेचं रूट कॅनॉल झालं, ठणका थांबला नाही. मग ती दाढ काढली. मग तिच्या शेजारची. आमच्याकडे आल्या तेव्हा डाव्या बाजूला दोन मोकळ्या जागा होत्या आणि दुखणं होतं तसंच. बायकोनं त्यांना दात आवळायला सांगितलं, गालावर जो फुगवटा आला त्यावर बोट ठेवलं, मग जबडा सैल सोडायला सांगून त्याच जागी पाचेक सेकंद दाब दिला. बाई जवळजवळ ओरडल्याच, "हीच! हीच ती दाढ!"

ती दाढ सहा महिन्यांपूर्वी कचऱ्यात गेलेली होती.

गालातला हा चावण्याचा स्नायू, मॅसेटर, थकला की त्याची कळ दाढांत आणि कानात उमटते. कानशिलावरच्या टेम्पोरॅलिसची कळ वरच्या दातांत आणि डोक्याच्या बाजूला जाते. या सगळ्या भागाच्या वेदना ट्रायजेमिनल या एकाच नसेतून वर जातात, त्यामुळे मेंदू पत्ता चुकतो. बाई पेपर तपासताना तासन्‌तास दात आवळून बसायच्या. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता, लेकीनं सांगितलं. रात्री करकर दात खायच्या तेही तिनंच सांगितलं.

खरी दाढदुखी गार पाण्यानं आणि गोडानं चमकते, त्या दातावर टिचकी मारली की तिथंच लागतं. स्नायूचं दुखणं चावताना, जांभई देताना, सकाळी उठल्या उठल्या जाणवतं. शंका असली की बायको त्या दाढेपुरती भूल देऊन बघते. भूल चढूनही ठणका कमी झाला नाही तर दाढेला हात लावत नाही. आणि तोंड धुताना किंवा वारा लागल्यावर वीज चमकल्यासारखी, काही सेकंदांची कळ येत असेल तर तो त्या नसेचाच आजार असू शकतो. त्याला कार्बामॅझेपीनसारखं औषध लागतं. त्यातही लोकांनी ओळीनं दात काढून घेतलेले आम्ही पाहिलेत.

बाईंना आम्ही जे सांगितलं ते ऐकून त्यांचा चेहरा पडला, कारण त्यात गोळीच नव्हती. ओठ मिटलेले, दात सुटलेले, आणि जीभ "न" म्हणताना जिथं टेकते तिथं. दिवसभर हेच. खाणं-गिळणं सोडलं तर वरच्या दातांचा खालच्या दातांशी काही संबंध नाही. मी पेशंटला मोबाइलच्या मागे लाल टिकली चिकटवायला लावतो; दिसली की जबडा सोडायचा. दोन वेळा दहा-पंधरा मिनिटं गरम शेक. तीनेक आठवडे चिक्की, ऊस, कडक भाकरी, च्युइंगम बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. दात खाणाऱ्यांना रात्री दातांवर बसवायची कडक पट्टी, तीही माप घेऊन केलेली. ऑनलाइन मिळणारी मऊ रबरी पट्टी काहीजण रात्रभर चघळतच बसतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" असा फोन येतो. वर्षानुवर्षं आवळलेला जबडा चार दिवसांत का सुटावा? बाईंना दोन महिने लागले.

जबड्याच्या सांध्यात नुसता कटकट आवाज येतो, दुखत नाही, तोंड अडकत नाही? मग सोडून द्या. आणि "चावा जुळवून देतो, चक्करही जाईल" म्हणून कुणी चांगले दात घासायला लागलं तर खुर्चीवरून उठा. जबडा मागे सरकून कानावर दाब येतो हा सिद्धांत अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ कॉस्टेन यांनी १९३४ साली मांडला, तो पुढे टिकला नाही. घासलेला दात मात्र परत उगवत नाही.

चक्कर आली की मानेला पट्टा

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही सख्ख्या मावशीच्या बाबतीत. पहाटे उजव्या कुशीवर वळली की तिला छत गरगर फिरताना दिसायचं. मी मानेचा एक्स-रे काढला, झीज दिसली, पट्टा बांधला, चकरेची गोळी लिहून दिली. त्या वयात झीज बहुतेकांच्या मानेत दिसते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आठ महिने मावशी पट्टा घालून हळदीकुंकवाला जात होती. पुढे तिची चाल मंदावली, हात थरथरायला लागले. आम्ही सगळे म्हणालो, वय झालं. वय कसलं, ती माझी प्रोक्लोरपेराझिनची गोळी होती. दोन-चार दिवसांसाठी असलेलं औषध महिनोन्‌महिने चाललं की म्हाताऱ्या माणसांत पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू लागतात. गोळी थांबवल्यावर थरथर हळूहळू गेली.

चक्कर कानाची होती. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मग कूस बदलली, माळ्यावर पाहिलं, पायताण घालायला वाकलं की घर फिरतं, बहुधा मिनिटभराच्या आत थांबतं. कण तिथं असेपर्यंत गोळी काय करणार! ते बाहेर काढायची युक्ती अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डॉक्टर जॉन एप्ली यांनी शोधली, १९९२ साली छापून आणली, आणि आधी त्यांच्याच व्यवसायबंधूंनी ती हसण्यावारी नेली होती. उजवा कान असेल तर मान उजवीकडे ४५ अंश वळवून पेशंटला झटकन आडवं करायचं, डोकं पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबतं. गरगर थांबेपर्यंत थांबायचं. मग डोकं डावीकडे, मग सगळं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी अर्धा ते एक मिनिट. मावशीला दोनदा केलं, संपलं. तिनं मला अजून माफ केलेलं नाही.

पहिल्यांदा हे डॉक्टरांकडूनच करून घ्या. कुठला कान, कुठली नळी हे आधी तपासावं लागतं, मानेचा खरा आजार असेल तर बेतानं करावं लागतं. व्हिडिओ बघून नवऱ्यानं बायकोची मान वळवलेली दोन जोडपी माझ्याकडे येऊन गेली आहेत.

आपल्या भाषेत चक्कर, घेरी, भोवळ, अंधारी असे चार शब्द आहेत आणि पेशंट चारही एकाच वाक्यात वापरतो. म्हणून मी शब्द फारसा धरत नाही. विचारतो: किती वेळ टिकते, आणि काय केल्यावर येते? उठून उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर कानाआधी रक्तदाब बघा, झोपून आणि उभं राहून दोन्ही. पुष्कळदा बीपीची गोळी जास्त झालेली असते.

डोकं दुखायच्या आधीच गोळी

"आज लग्नाला जायचंय, दुखायला नको," म्हणून सकाळीच गोळी घेणारे पुष्कळ. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीची ट्रिप्टान, एर्गोटामिनवाली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मोजायचे ते गोळीचे दिवस. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाची दांडी लिहिता ना, त्याच चौकोनात डोकं दुखलं की "डो", गोळी घेतली की "गो" लिहा. एका दुकानदारानं महिनाभर लिहिलं आणि स्वतःच येऊन म्हणाला, "डॉक्टर, डो कमी आणि गो जास्त आहेत." गोळी बंद केल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे डोकं आणखी दुखतं, आणि बहुतेकजण नेमके तिथंच हार मानतात. एर्गोटामिन, ट्रामाडोलसारख्या गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारून करा.

बाकीच्या पटापट.

"सायनस" म्हणून येणारी बरीच डोकी अर्धशिशीची असतात. अर्धशिशीतही नाक वाहतं, डोळ्याला पाणी येतं. उजेड नकोसा होतो, मळमळतं, ४ ते ७२ तास चालतं? मग वाफारे पुरे. संकष्टीला हमखास डोकं दुखत असेल तर उपाशी पोट आणि चुकलेला चहा, दोन्हींवर संशय घ्या. अर्धशिशीवर उपाय म्हणून खातात ती पहाटेची दूध-जिलेबी बापडी निरुपद्रवी, मधुमेह नसेल तर. चष्म्याचा नंबर दर तीन महिन्यांनी बदलून अर्धशिशी जात नाही. आणि पहिल्याच भेटीत "एमआरआय लिहून द्या" म्हणू नका. आधी मला तुमचं कॅलेंडर दाखवा.

थांबायचं नाही अशी काही दुखणी मात्र आहेत. क्षणात, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखलं. चकरेबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, उभंच राहता येईना. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो. हे हृदयाचं असू शकतं, दातांच्या दवाखान्यात बसू नका. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी, कंगवा फिरवला तरी टाळू दुखते, दोन घास चावले की जबडा थकतो: यात रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

शेवटची चूक जबड्याचीच, आणि ती आमच्या भागात रोज दिसते. "तोंड कमी उघडतं, सांधा धरलाय" म्हणून येतात, खिशात सुपारीची डबी नाहीतर गुटख्याची पुडी. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठर होत जाते, ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही आणि तिथं कॅन्सरची भीती असते. आरशासमोर उभे राहा, आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. दोनच जात असतील तर उद्याच दंतवैद्य गाठा, आणि डबी वाटेत टाकून या.