टीबीच्या एन्झाइममध्ये औषधाचा रेणू दिसेना, शेवटी असं जमलं

इनएचए हे टीबीच्या जंतूला स्वतःची भिंत बनवायला लागणारं एन्झाइम, त्यात आमचा नवीन रेणू नेमका कुठे बसतो ते बघायचं होतं. क्रिस्टल छान यायचे, एक्स-रे डेटा पण २ अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे बारकावे दिसतील इतका, पण त्यावरून काढलेला इलेक्ट्रॉनचा नकाशा उघडला की रेणूच्या जागी नुसते पाण्याचे ठिपके आणि प्रोटीनच्या साखळीतला २०० नंबरच्या अमिनो ॲसिडच्या आसपासचा लूप गायब. डीएमएसओ (रेणू विरघळवणारा द्रव) वाढवला, क्रिस्टल रेणूच्या द्रावणात जास्त वेळ भिजत ठेवले, तर तडे गेले, बाकी काही नाही.

मग इनएचएला धरणाऱ्या ट्रायक्लोसान या जंतुनाशकाची जुनी स्ट्रक्चर्स नीट बघितली. त्याचा ओएच गट एकीकडे प्रोटीनच्या टायरोसीन १५८ या अमिनो ॲसिडला आणि दुसरीकडे एनएडी या मदतनीस रेणूतल्या रायबोज साखरेला धरून असतो, म्हणजे अर्धी पकड प्रोटीनची नाहीच, को-फॅक्टरची आहे! आणि आमचं प्रोटीन कॉलममधून शुद्ध होऊन येईपर्यंत एनएडी निघून गेलेलं असायचं. म्हणून प्रोटीनमध्ये आधी भरपूर एनएडी घातलं, बर्फावर ठेवलं, मग रेणू घातला आणि तिघांचे एकत्रच क्रिस्टल वाढवले. पुढच्या नकाशात रेणूच्या दोन्ही रिंग्स स्वच्छ, इतका आनंद झाला की काय सांगू.

एवढा आटापिटा का, तर आयसोनियाझिड या टीबीच्या नेहमीच्या औषधाला आधी जंतूचंच कॅटजी एन्झाइम ॲक्टिव्ह करतं, मग ते औषध एनएडीला जोडलं जाऊन इनएचए बंद पाडतं, आणि जंतूतलं कॅटजी म्युटेशनने बदललं की बऱ्याच पेशंटमध्ये औषध चालतच नाही. थेट इनएचएला धरणारं औषध खरंच हवंय.

कोणी करत असाल तर रेणू मॉडेलमध्ये बसवायच्या आधीचा डिफरन्स मॅप (डेटात आहे पण मॉडेलमध्ये नाही ते दाखवणारा नकाशा) जपून ठेवा, नंतरचा बघून खात्री होत नाही.