शॉट समजून घ्यायचाय? आधी सावली बघा

सिनेमातला आवडलेला प्रसंग पुन्हा लावा, पण आवाज बंद करून. क्लोजअपमध्ये नाकाची सावली शोधा. ती काळी, धारदार कडेची असेल तर दिवा थेट मारलाय. जेमतेम दिसत असेल तर उजेड बहुधा कशावरून तरी परतवलाय. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ या सिनेमातलं (१९५६) बनारसच्या घराचं अंगण म्हणजे कोलकात्यातला स्टुडिओ सेट! छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं, खालून दिवे त्यावर मारले आणि आभाळाचा मऊ उजेड अंगणात उतरवला. दिव्यांचा झगमगाट असता तर ते घर नाटकी वाटलं असतं. चौकटीकडे, म्हणजे पडद्यावर काय आणि किती दिसतंय त्याकडे, नंतर वळा. पात्राभोवती भरपूर रिकामी जागा सोडली असेल तर बहुधा त्याचं एकटेपण दाखवायचंय.