'परका' हा विषय घेतलाय? माझं पहिलं प्रकरण का परत आलं ते वाचा

गाईडनी माझ्या पीएच.डी.चं पहिलं प्रकरण परत दिलं, तेव्हा त्यावर एकही शेरा नव्हता. छप्पन्न पानांत फक्त एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती: 'खरोखर'. तोही माझा शब्द नव्हता, सॉक्रेटिसच्या उताऱ्यातला होता.

साहित्य-तत्त्वज्ञानातल्या परक्यावर तुमचा सिनॉप्सिस मंजूर झाला असेल, तर माझं दीड वर्ष कशात गेलं ते आधी ऐका.

इ.स.पू. ३९९. सत्तरीचा सॉक्रेटिस अथेन्सच्या कोर्टात उभा राहून म्हणतो, की मी इथे पहिल्यांदाच येतोय, इथली भाषा मला परकी आहे. मी खरोखर परदेशी असतो तर माझी बोली तुम्ही चालवून घेतली असती, तशी आताही घ्या. त्यावरून मी लिहून टाकलं: सॉक्रेटिस हा आपल्याच शहरातला परका. वाक्य मला फार आवडलं होतं. मग जो जो एकटा, तुटलेला, घुसमटलेला नायक सापडला, तो मी परक्यांच्या यादीत घातला. यादी एकोणतीस नावांवर गेली. गाईड म्हणाल्या, "सॉक्रेटिसला तरी फरक कळत होता. 'खरोखर' म्हणतोय तो. मग जो खरोखर परदेशी होता, तो तुझ्या प्रकरणात कुठे आहे?"

कुठेच नव्हता. त्याला शोधायला सहा महिने लागले. अथेन्समध्ये स्थायिक झालेल्या परदेशी माणसाला मेटिक म्हणत. पुरुषानं वर्षाला १२ द्राख्मा (तिथलं नाणं) कर भरायचा, स्वतंत्र राहणाऱ्या बाईनं ६. पाठीशी एक नागरिक उभा करावा लागे. जमीन सहसा नावावर होत नसे. कर चुकवला तर गुलाम म्हणून विक्रीही होऊ शके. ॲरिस्टॉटल स्टागिरा या दुसऱ्या शहराचा, म्हणजे तोही अथेन्सात मेटिकच. तिथे तीसेक वर्षं काढूनही नागरिक झाला नाही. हे वाचल्यावर माझं ते आवडतं वाक्य मलाच वाचवेना.

सापळा हाच आहे. परकेपणाचं रूपक खऱ्या परक्याला गिळून टाकतं, आणि लिहिणाऱ्याला वाटत राहतं की आपण खोल गेलोय. फ्रेंच लेखक आल्बेर कामूची १९४२ची 'लेत्रांजे' ही कादंबरी घ्या. शीर्षकातल्या फ्रेंच शब्दात परदेशी, अनोळखी आणि बाहेरचा असे तिन्ही अर्थ आहेत. तिच्या नायकाला, मर्सोला, सगळे परका म्हणतात. मीही म्हटलं होतं. पण मर्सो अल्जीरियावर राज्य करणाऱ्या फ्रेंचांपैकी. किनाऱ्यावर त्याच्या गोळ्यांनी मरणाऱ्या अरबाला कादंबरीत नावसुद्धा नाही. अल्जीरियन लेखक कमेल दाऊदनं २०१३मध्ये आपल्या कादंबरीत त्या अरबाला मूसा हे नाव दिलं. मर्सोवर लिहू नका असं मी म्हणत नाही. पण लिहिताना दर पानाला विचारा: इथे परका कोणी ठरवला, कोणत्या कायद्यानं, आणि त्याची किंमत कोण मोजतंय?

सारांशांचे व्हिडिओ बघून जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेल उद्धृत करू नका. त्याचं परक्यावरचं १९०८चं टिपण मोजक्या पानांचं आहे, दोन बैठकांत होतं. आज येऊन उद्या जाणारा नव्हे, तर आज येऊन उद्याही राहणारा तो परका, एवढं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पुढे तो व्यापाऱ्याबद्दल आणि जमीन नसण्याबद्दल बोलतो, तिथवर कोणी जात नाही. आणि नामवंत गाईडच्या मागे धावू नका. माझ्या गाईडचा विषय संतसाहित्य. पण त्या प्रत्येक ओळ वाचायच्या.

मराठीत लिहिताय म्हणून बिचकू नका, उलट इथे आपल्या हाताशी बरंच आहे. ग्रीक 'क्सेनोस' म्हणजे परदेशीही आणि पाहुणाही. कोल्हापूरकडे एसटीत शेजारचा अनोळखी माणूस "काय पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" असं विचारतो, त्यात स्वागतही असतं आणि चौकशीही. हे कळायला मला तळटीप लागली नाही. मात्र 'उपरा' जपून वापरा. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या १९८०च्या आत्मकथनातला माणूस याच मातीतला आहे, गावानं त्याला बाहेर ठेवलंय. मेटिकला तोच शब्द लावलात तर दोघांवरही अन्याय होतो.

दीड वर्ष गेलं तरी घाबरू नका. मुदतवाढ मिळते, मलाही मिळाली. नव्यानं लिहिलेल्या प्रकरणात एकोणतीसपैकी चार नावं उरली. सॉक्रेटिस आहे, पण तिसऱ्या पानावर. पहिल्या पानावर १२ द्राख्मा आहेत.