स्लीव्हनंतर वजन परत चढलं? आधी वाटी तोला

पंचवटीत आमचं फरसाणचं दुकान आहे. आता बोला! चार वर्षांपूर्वी स्लीव्हचं, म्हणजे पोटाचा मोठा भाग कापून ते लहान करायचं ऑपरेशन झालं तेव्हा मी 128 किलोचा होतो. दीड वर्षात 84 वर आलो, आणि मागच्या दिवाळीनंतर काटा 97 दाखवायला लागला. डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं, म्हणून दोन फॉलो-अप बुडवले. ते तुम्ही करू नका. तळाला गेलेलं वजन थोडंफार वर येणं बऱ्याच जणांचं होतं, डॉक्टरांना ते नवीन नसतं.

म्हणून आधी अपॉइंटमेंट. बी 12, लोह, डी जीवनसत्त्व, थायरॉईड तपासून घ्या. चालू गोळ्यांची यादी न्या. स्टेरॉइड, इन्सुलिन, डिप्रेशनवरची काही औषधं यांनीही वजन चढतं. पोट सैल झालंय का, ते एंडोस्कोपीत किंवा बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेत कळतं, आरशात नाही. सारख्या उलट्या, काळी शौच, पोटात कळ असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

माझं पोट ठीक निघालं. सैल सुटला होता तो हात.

डाएटिशियन मॅडम म्हणाल्या, एक दिवस जेवणाशिवाय जे तोंडात टाकावंसं वाटेल, ते तेवढंच एका वाटीत टाका. सकाळी शेवेचा पहिला घाणा उतरला, चिमूटभर वाटीत. गिऱ्हाईकाला चिवडा बांधताना चार शेंगदाणे, वाटीत. दुपारी पेंग येते तेव्हा मूठभर भावनगरी, तीही वाटीत. रात्री शटर ओढायच्या आधी वाटी दुकानाच्याच काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा जाता 180 ग्रॅम! तळलेल्या मालात शंभर ग्रॅमला 500 च्या आसपास कॅलरी धरा, म्हणजे 900. आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचो, "माझं खाणंच काय आहे, दीड पोळी!"

होतं काय, की चिवडा, बिस्किट, आइस्क्रीम चावून, विरघळून पटकन खाली सरकतं. पोट लहान असूनही भरल्यासारखं वाटतच नाही. अंडी, पनीर, चिकन, मटकी बसून राहतात. त्यामुळे ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. मला दिवसाला 70 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. बहुतेकांना 60 ते 80 सांगतात, तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. दोन अंड्यांत 12 येतं, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास. वरणाच्या एका वाटीत सहा-सातच, त्यामुळे नुसत्या वरण-भातावर गणित जमत नाही. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही.

नाशकात राहून मिसळ सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. उसळ जास्त मागा, तर्री वेगळी ठेवा, पाव परत करा. शेव नको. (हे फरसाणवाला सांगतोय.) वाइन मात्र जपून, ऑपरेशननंतर ती लवकर चढते आणि कॅलरी आहेतच.

पाच दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर राहून 'पोट परत लहान करायचा' प्रकार मीही केला. तीन किलो उतरले, पंधरा दिवसांत परत आले. पातळ पिऊन पोट आवळत नाही.

सकाळी सहाला गोल्फ क्लब मैदानावर चालतो, आणि आठवड्यातून तीन दिवस घरी पाण्याच्या कॅनने वजन उचलायचा व्यायाम. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. वजन फक्त सोमवारी करतो. 84 चा हट्ट सोडलाय. सात महिन्यांत 97 चे 91 झालेत.

वाटी अजून गल्ल्याशेजारीच असते. परवा एका काकूंनी त्यातले दाणे उचलून तोंडात टाकले आणि विचारलं, "हा चिवडा कसा किलो?"