पुण्यात प्रोफेशनल कोचिंगचं काम वाढवायचंय? आधी कोणासाठी ते ठरवा

पुण्यात कोणालाही सांगा की मी कोचिंग करते, समोरचा लगेच विचारणार, कुठल्या विषयाचं, दहावीचं का जेईईचं? शास्त्री रोडवर एमपीएससीच्या क्लासचे बोर्ड बघत आपण सगळे मोठे झालोय, कोचिंग म्हणजे क्लास हेच इथे डोक्यात येणार, प्रश्न विचारून माणसाला कामातल्या अडचणीचं उत्तर त्यालाच शोधायला मदत करणारं आमचं कोचिंग नाही. त्यामुळे आपण काय करतो ते एका वाक्यात, घरातल्या आत्याला पण कळेल असं सांगता आलं पाहिजे. मी पहिलं दीड वर्ष सांगायचे की मी लोकांना त्यांचं पोटेन्शिअल ओळखायला मदत करते. लोक छान छान म्हणायचे, कार्ड घ्यायचे, आणि फोन कोणाचाच यायचा नाही. आता मी सांगते, वडिलांचा कारखाना हातात घेतलेल्या मुलामुलींबरोबर आणि पहिल्यांदाच टीम मिळालेल्या मॅनेजर लोकांबरोबर मी काम करते. हे ऐकल्यावर माणूस थांबतो आणि म्हणतो, अहो माझ्या मेव्हण्याचं अगदी हेच चाललंय. तो मेव्हणा तुमचा क्लायंट.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच की वेबसाइट, लोगो, व्हिजिटिंग कार्ड सगळं नंतर, आधी कोणासाठी काम करायचं ते ठरवा. आणि ते बाहेर शोधायला जाऊ नका, तुम्ही स्वतः दहा-पंधरा वर्षं जिथे काढलीत तिथेच बघा. मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरला 14 वर्षं होते, त्यामुळे शिफ्ट बदलताना सुपरवायझर का चिडतो ते मला वेगळं शिकावं लागलं नाही. आयटीतून आला असाल तर हिंजवडी, खराडी, मगरपट्टा हे तुमचं घरचं मैदान. एखादी शाळेची प्राचार्य बाई निवृत्त होऊन कोचिंगमध्ये आली तर तिने शाळांच्या तरुण पर्यवेक्षकांबरोबर काम करावं, उगाच स्टार्टअप फाउंडरच्या मागे लागू नये.

ठरलं की ओळखीतली 20 माणसं काढा आणि प्रत्येकाशी अर्धा तास बोला. काही विकायचं नाही, फक्त विचारायचं, गेल्या महिन्यात कामावरची कुठली गोष्ट घरी आल्यावरही डोक्यातून गेली नाही? आणि उत्तर वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवायचं, आपल्या भाषेत सुधारून नाही. मला एकानेही "लीडरशिप" हा शब्द वापरला नव्हता. एक जण म्हणाला, "काल माझ्याबरोबर टपरीवर चहा प्यायचे ते आज मी आलो की गप्प होतात." हेच वाक्य मी जसंच्या तसं (नाव-गाव काढून, त्याला विचारून) लिंक्डइनवर टाकलं, मराठीतच, आणि त्यावर जेवढे मेसेज आले तेवढे माझ्या आधीच्या सगळ्या इंग्रजी पोस्टना मिळून आले नव्हते.

सर्टिफिकेटबद्दल सगळे विचारतात. भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलंही सरकारी लायसन्स लागत नाही, म्हणून तर जबाबदारी आपल्यावर जास्त आहे. कंपन्या बहुतेक वेळा आयसीएफचं, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं क्रेडेन्शियल विचारतात. पहिली पायरी एसीसी, त्याला 60 तासांचं ट्रेनिंग आणि 100 तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, त्यातले 75 तास पैसे घेऊन केलेले, शिवाय 10 तास मेंटर कोचिंग, म्हणजे अनुभवी कोचकडून आपल्याच कोचिंगवर मार्गदर्शन. पुढची पीसीसी, तिथे 125 तास ट्रेनिंग आणि 500 तास अनुभव. म्हणून पहिल्या दिवसापासून एक्सेलमध्ये तासांची नोंद ठेवा, आणि फुकट कोणालाच करू नका, ओळखीतल्याकडूनही 500 रुपये का होईना घ्या. पैसे दिलेला माणूस वेळेवर येतो, ठरवलेलं काम करून येतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

पण सर्टिफिकेटने काम वाढत नाही, सेशनने वाढतं. एक प्रसंग सांगते (त्या मुलाला विचारूनच लिहितेय). भोसरीत गाळा, धातूचे पार्ट कापणारी तीन व्हीएमसी मशीन, 18 कामगार, मुलगा इंजिनिअर होऊन चार वर्षांपासून वडिलांबरोबर. त्याची तक्रार एकच, पप्पा मला निर्णय घेऊ देत नाहीत. दोन सेशन आम्ही पप्पांशी कसं बोलायचं याच्यातच फिरत राहिलो. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "तुमच्याकडे सुट्टी मागायला शेवटचं कोण आलं होतं?" तो गप्प. हातातलं डिस्पॅचचं चलन घडी करत, उलगडत बसला, चांगलं मिनिटभर. मला खूप वाटत होतं काहीतरी बोलावं, पण बोलले नाही. मग म्हणाला, "मॅडम, चार वर्षांत कोणीच नाही. कारण मी नऊ वाजता केबिनमध्ये जातो, पप्पा सात वाजता मशीनजवळ उभे असतात." दुसऱ्या सोमवारपासून तो सातला जायला लागला. मी त्याला सातला जा म्हणून सांगितलं असतं तर तो तीन दिवस गेला असता. कन्सल्टंट उत्तर देतो, कोच असा प्रश्न विचारतो आणि त्यानंतरची शांतता सहन करतो, आणि ती सहन करायचा सराव करावा लागतो. आपल्याला सल्ला द्यायची इतकी सवय असते की ती मोडायलाच माझं वर्ष गेलं.

फीचं गणित आता. एकेक सेशन विकू नका, माणूस दोन सेशननंतर बरं वाटलं की गायब होतो आणि खरं काम तिसऱ्या-चौथ्यालाच सुरू होतं. मी तीन महिन्यांत सहा सेशन असं पॅकेज देते, 30,000 रुपये, अर्धे आधी. 12 क्लायंट म्हणजे महिन्याला 24 सेशन आणि 1,20,000 रुपये, पण 12 कायम भरलेले नसतात, म्हणून घरखर्च आठ क्लायंटवर बसतो का ते बघा आणि बसत नसेल तर नोकरी लगेच सोडू नका. प्रत्येक सेशनमागे नोट्स, फोन, तयारी याचा एक तास वेगळा धरा. कोथरूडहून खराडीला जायचं तर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अख्खी संध्याकाळ जाते, म्हणून मी पहिलं आणि शेवटचं सेशन समोरासमोर आणि मधली ऑनलाइन घेते.

कागदपत्रं फार अवघड नाहीत. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी, 18 टक्के, म्हणून कंपनीला कोटेशन देताना "जीएसटी वेगळा" हे पहिल्यापासून लिहा. कंपनी प्रोफेशनल फीवर 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच आयकर कापते, तो आपल्या नावावर जमा झाला का ते तपासत राहा. महाराष्ट्रात प्रोफेशन टॅक्स वर्षाला 2,500 रुपये. बाकी चांगला सीए धरा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, मात्र नक्की करा, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मला एका कंपनीने सहा मॅनेजरांचं काम झाल्यावर पाच महिने पैसे दिले नव्हते, रोज अकाउंट्सला फोन, रोज "फाइल साहेबांकडे आहे". तेव्हा माझ्याकडे नोंदणी नव्हती. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, सेवा देणाऱ्यालाही हे लागू आहे. आता माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम नंबर असतो.

कंपनीचं काम घेताना अजून एक गोष्ट सुरुवातीलाच लेखी करून घ्या: क्लायंट, त्याचा बॉस आणि एचआर, सगळ्यांना एकत्र बसवून काय साधायचं ते ठरवायचं, पण सेशनमध्ये काय बोललं गेलं ते बाहेर जाणार नाही. एचआर नंतर प्रेमाने विचारतेच, "तो राहणार आहे ना कंपनीत?" उत्तर द्यायचं नाही. एकदा का पुण्यात कळलं की ह्या बाईंकडून गोष्टी बाहेर जातात की संपलं सगळं, इथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या भाच्याला ओळखतो.

आणि समोरचा माणूस सेशनमध्ये रडतोय, झोप नाही, जेवण नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतोय तर ते कोचिंगचं काम नाही. थांबा, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 मोबाइलमध्ये सेव्ह ठेवा. क्लायंट गेला तरी चालेल.

नवीन लोक कुठून येतात? माझ्याकडे तरी जाहिरातीतून आलेले फारच थोडे. सेनापती बापट रोडवरच्या मराठा चेंबरच्या, म्हणजे उद्योजक-व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या, कार्यक्रमांना जा, रोटरी क्लबला वक्ते हवेच असतात, तिथे 20 मिनिटांत एकच प्रश्न घेऊन बोला. भोसरी-चाकण भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, मी कारखानदारांसाठी गुरुवार सकाळ राखूनच ठेवते, रविवारी त्यांना फोन केला तर मागे मशीनचा आवाज येतो. आणि पॅकेज संपल्यावर सहा महिन्यांनी प्रत्येकाला फोन करा, काय टिकलं आणि काय सुटलं ते विचारा, त्या फोनचे पैसे नाहीत. भोसरीच्या त्या मुलाला असाच फोन केला तर म्हणाला, "सुट्टीचे अर्ज आता माझ्याकडेच येतात, अर्धे तरी." आणि मग, "शेजारच्या गाळ्यातला पण असाच अडकलाय, तुमचा नंबर देऊ का?" मी म्हटलं, द्या, पण फोन त्यालाच करू दे.